कंट्रोल-सी दाबलं की सेगफॉल्ट: पायथन आणि सी++ यांच्यामध्ये नेमकं कोण मरतंय?

केतकी_पवई

नमस्कार मंडळी,

थोडा रुक्ष धागा आहे, पण इथे या विषयातले बरेच जण दिसतात म्हणून विचारते.

आमचं काम पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं. अमुक इतका पाऊस पडला आणि त्याच वेळी साडेचार मीटरच्या वर भरती असली, तर मिठीच्या काठी कुठल्या नाल्यात पाणी किती चढेल, हे गणित. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस हा आमचा नेहमीचा चाचणी प्रसंग. गणिताचा गाभा सी++ मध्ये आहे आणि तो पायबाइंड११ (सी++ चा कोड पायथनमधून बोलावू देणारी लायब्ररी) वापरून पायथनला जोडलेला आहे. पायथनमधून नमपाय ॲरेमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) ग्रिड भरायचं, सॉल्व्हरला म्हणजे त्या गाभ्याला द्यायचं आणि वाट बघत बसायचं.

एखादा आकडा चुकीचा दिलाय असं मध्येच लक्षात आलं की माणूस कंट्रोल-सी दाबणारच. मग तीनपैकी एक काहीतरी होतं:

कधी 'थांबवले' असा आमचा संदेश येतो आणि प्रोग्राम शहाण्यासारखा पुढच्या प्रसंगाकडे जातो.
कधी 'थांबवले' छापून झाल्यावर सेगफॉल्ट (मेमरीत नको तिथे हात लावला म्हणून कोसळणं).
कधी 'टर्मिनेट कॉल्ड विदाउट ॲन ॲक्टिव्ह एक्सेप्शन' आणि अबॉर्ट.

मोठ्या ग्रिडवर सेगफॉल्ट लगेच येतो. छोट्या ग्रिडवर बराच वेळ सगळं ठीक चालतं आणि मग भलत्याच ठिकाणी, कधी सीएसव्ही लिहिताना, कोसळतं. जीडीबी या डीबगरखाली चालवलं तर कंट्रोल-सी जीडीबीच गिळतो, त्यामुळे तिथे काही दिसत नाही. ज्याने हे लिहिलं तो नोकरी सोडून गेला. साहेबांचा उपाय: 'कंट्रोल-सी दाबू नका.'

हे शोधायचं कसं, आणि दोन भाषा जोडलेल्या असताना थांबवायची बरोबर पद्धत कोणती?

(संस्थळाचा एडिटर सगळं देवनागरीच करतो, तेव्हा फंक्शनांची नावं समजून घ्या.)

बोरिवली_स्लो

साहेब बरोबर बोलतायत. दाबू नका. धागा संपला, चहा घ्या.

शून्यपॉइंटर

बोरिवली, तुम्ही प्लॅटफॉर्मवरच थांबा.

केतकीताई, आधी एक गैरसमज दूर करू. बहुतेकांना वाटतं की कंट्रोल-सी दाबलं की पायथन त्याच क्षणी कीबोर्डइंटरप्ट हा अपवाद (एक्सेप्शन) फेकतं आणि सी++ चा कोड मधोमध तुटतो. तसं होत नाही. टर्मिनल सिगइंट पाठवतं, म्हणजे २ नंबरचा सिग्नल. पायथनचा सी पातळीवरचा हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) फक्त एक खूण करून ठेवतो आणि परत जातो. ती खूण नंतर मुख्य थ्रेडवर (थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत चालणारा कामाचा एक प्रवाह), दोन बाइटकोड सूचनांच्या मध्ये तपासली जाते आणि अपवाद तिथे फेकला जातो. म्हणून सी++ चं फंक्शन मुख्य थ्रेडवर तासभर आत बसलं असेल तर तासभर कंट्रोल-सीला कोणी विचारत नाही.

म्हणजे तुमचा क्रॅश सिग्नल हँडलरमध्ये असण्याची शक्यता कमी. अपवाद व्यवस्थित फेकला जातोय, 'थांबवले' छापलंही जातंय. मरण त्यानंतरच्या आवराआवरीत आहे.

तीन गोष्टी सांगा. सॉल्व्हर स्वतःचा थ्रेड सुरू करतो का? ॲरेचा नुसता पॉइंटर (मेमरीतला पत्ता) सी++ कडे जातो की कॉपी होते? आणि प्रोग्राम मेल्यावर शेलमध्ये डॉलर-प्रश्नचिन्ह (प्रोग्रामने परत दिलेला आकडा) काय सांगतं? १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगफॉल्ट. १३४ म्हणजे १२८ अधिक ६, अबॉर्ट. १३० म्हणजे १२८ अधिक २, साधा कंट्रोल-सी. हे दोन वेगवेगळे आजार असू शकतात, एकाच औषधाने जाणार नाहीत.

अर्धवट

+१. पण 'हँडलरमध्ये नसणार' हे प्रत्येक जोडीला लागू नाही, म्हणून थोडं अवांतर.

आमच्याकडे (गोरेगाव, जोखमीची गणितं, बाकी विचारू नका) पायथनमधून जावा चालवतात, जेपाइप ही लायब्ररी वापरून. जावाची व्हर्च्युअल मशीन सिगसेगव्ही हा सेगफॉल्टचा सिग्नल मुद्दाम, स्वतःच्या कामासाठी वापरते, उदाहरणार्थ नल पॉइंटर पकडायला. म्हणजे तिथे सेगफॉल्ट हा रोजचा व्यवहार आहे, अपघात नाही. आता वरून कोणी पायथनचा फॉल्टहँडलर (कोसळताना माग छापणारा भाग) चालू केला की तो जावाचा हँडलर बाजूला सारतो, आणि बिनधोक चाललेला प्रोग्राम मेल्याचं जाहीर होतं. चाचण्या चालवणारं पायटेस्ट हा फॉल्टहँडलर आपणहून चालू करतं, त्यामुळे 'चाचण्यांतच कोसळतं, एरवी चालतं' हे नाटक आम्ही पाहिलंय. कंट्रोल-सी पायथनकडे यावा की जावाने प्रक्रिया बंद करावी, हे जेपाइपमध्ये मशीन सुरू करतानाच ठरवता येतं. त्यासाठी इंटरप्ट नावाचा पर्याय आहे. नुसत्या जावाला वजा एक्सआरएस दिलं की ती असे सिग्नल कमी वापरते.

ज्युलिया या भाषेचंही तसंच. तिचा कचरा गोळा करणारा भाग थ्रेड थांबवण्यासाठी मुद्दाम सेगफॉल्ट घडवतो. ज्युलियाकॉलमध्ये (ती पायथनला जोडणाऱ्या लायब्ररीत) हँडल सिग्नल्स 'यस' केलं नाही तर अनेक थ्रेड असताना कोसळतं, आणि 'यस' केलं तर कंट्रोल-सीने कीबोर्डइंटरप्ट येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

केतकी_पवई

@शून्यपॉइंटर: होय, थ्रेड सुरू करतो. पूर्वी थेट मुख्य थ्रेडवर चालायचं, तेव्हा कंट्रोल-सी अजिबात लागायचं नाही (आता कळलं का). म्हणून बहुधा त्याने 'सुरू करा' हे फंक्शन लगेच परत येईल असं केलं आणि पायथनमध्ये 'झालं का' विचारत अर्धा-अर्धा सेकंद झोपणारं लूप ठेवलं. ॲरेचा पॉइंटरच जातो, कॉपी नाही. ग्रिड मोठं असतं. सेगफॉल्टच्या वेळी १३९, दुसऱ्याच्या वेळी १३४.

बोरिवली_स्लो

मग माझ्या अल्पमतीला कळलं ते असं: भाडेकरू खोली सोडून गेला, मालकाने ती दुसऱ्याला दिली, आणि पहिल्या भाडेकरूने बोलावलेला रंगारी अजून आत भिंती रंगवतोय.

शून्यपॉइंटर

@बोरिवली_स्लो: मघाचं मागे घेतो, या वर प्लॅटफॉर्मवरून. अगदी हेच असणार.

अपवाद झोपेच्या लूपमध्ये येतो. वरच्या फंक्शनात तुम्ही तो पकडता, 'थांबवले' छापता. तोवर अपवादाबरोबरचा ट्रेसबॅक (कोणी कोणाला बोलावलं याची नोंद) जुन्या फ्रेमला (त्या फंक्शनच्या चालू पसाऱ्याला) धरून असतो, म्हणून ॲरे जिवंत. एक्सेप्टचा भाग संपला की ट्रेसबॅक गेला, फ्रेम गेली, ॲरेचा शेवटचा धनी गेला, मेमरी मोकळी. सी++ च्या थ्रेडला यातलं काहीच कोणी सांगितलेलं नाही. तो लिहीतच असतो.

मोठ्या-छोट्या ग्रिडचा फरकही यातच बसतो. ग्लिबसीचा मॅलॉक (लिनक्सवर मेमरी वाटून देणारा) मोठे तुकडे थेट एममॅप करून, म्हणजे कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) वेगळे मागून घेतो (मर्यादा सुरुवातीला १२८ केबी असते, पुढे गरजेप्रमाणे सरकते). असा तुकडा सोडला की पान कर्नलकडे परत जातं आणि पुढच्याच लिखाणाला सेगफॉल्ट. छोटा तुकडा हीपमध्येच (प्रोग्रामच्या सामाईक साठ्यात) राहतो आणि दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. रंगारी त्याच्या भिंती रंगवतो आणि बोंब सीएसव्ही लिहिताना उठते.

कोकणकडा

एवढं सगळं करण्यापेक्षा सॉल्व्हर वेगळ्या प्रक्रियेत चालवा. थांबवायचं असेल तर मारून टाका, कर्नल सगळं आवरतो. एकाच प्रक्रियेत दोन भाषांचे रनटाइम नांदवायचे आणि मग सिग्नल कोणाचा म्हणून भांडायचं, हा उद्योगच कशाला? आम्ही हेच करतो आणि रात्री शांत झोपतो.

रानमेवा

@कोकणकडा: झोपा, पण एक लक्षात ठेवा. कंट्रोल-सी एका प्रक्रियेला जात नाही, टर्मिनलवर पुढे असलेल्या सगळ्या प्रक्रिया-गटाला जातो. तुमच्या पोराला आणि बापाला एकाच वेळी सिगइंट. बाप अजून 'थांबवू का' विचार करतोय तोवर पोर अर्धी फाइल लिहून गेलेलं. सबप्रोसेस नव्या सेशनमध्ये सुरू केली तर हे टळतं, पण मग बाप अचानक मेला की पोर अनाथ फिरत राहतं. शिवाय ताईंचं ग्रिड मोठं, शेअर्ड मेमरी आली, ती कोण आवरणार हा प्रश्न परत आलाच.

कोकणकडा

मान्य. तरी सेगफॉल्टपेक्षा अनाथ पोर परवडलं. ते निदान पीएस मध्ये (चालू प्रक्रियांच्या यादीत) दिसतं.

नानाकाका

तुम्हा मुलांची चैन आहे. आमच्या उमेदीत टीआयएफआर या संशोधन संस्थेचं सीडीसी ३६०० हे संगणकयंत्र म्हणजे मुंबईतलं आश्चर्य होतं, १९६४ साली आलेलं. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि घरी जायचं. मध्येच थांबवणं वगैरे प्रकार नव्हता. चुकीचं कार्ड लागलं असेल तर ते छापील कागदावरूनच कळायचं.

केतकी, तुझा नाल्यांचा विषय वाचून विचारतो: लव्ह ग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदरचे पंप तुमच्या गणितात धरता का गं? वरळीला राहतो म्हणून विचारलं.

केतकी_पवई

धरतो काका, सीमेवरच्या अटी म्हणून. हाजी अली आणि इर्लासुद्धा. वेगळा धागा काढते त्यावर, इथे शून्यपॉइंटर रागावतील.

चहाटळ

विंडोजवाले कोणी आहेत का? अंधेरीला आमच्या आधीच्या ऑफिसात कंट्रोल-सी दाबलं की पायथनला काही कळायच्या आतच 'फॉरटीआरएल: एरर (२००): प्रोग्राम अबॉर्टिंग ड्यू टू कंट्रोल-सी इव्हेंट' यायचं. पायथनमध्ये फोर्ट्रान कुठून आलं म्हणून सगळे चक्रावलेले. आमच्याकडच्या सायपाय या पायथन लायब्ररीच्या आत इंटेलच्या फोर्ट्रानचा रनटाइम लोड व्हायचा आणि तो कंट्रोल-सीवर स्वतःचा हँडलर बसवायचा. एफओआर डिसेबल कन्सोल सीटीआरएल हँडलर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की गप्प. एक भाषा दिसते, आत तीन असतात.

सांख्यिकी_सखू

आर (संख्याशास्त्राची भाषा) आणि सी++ वाल्यांसाठी: आर-चेक-युजर-इंटरप्ट हे फंक्शन व्यत्यय आला असेल तर लाँगजम्प मारतं. मधल्या सी++ फ्रेमवरून उडी, डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट मरताना आवराआवर करणारं फंक्शन) एकही चालत नाही, घेतलेली कुलपं तशीच. आरसीपीपीचं (आर आणि सी++ जोडणाऱ्या लायब्ररीचं) चेकयुजरइंटरप्ट वापरा, ते सी++ चा अपवाद फेकतं आणि रीतसर बाहेर पडतं. नावं इतकी सारखी आहेत की रिव्ह्यूमध्ये नजरेतून सुटतं.

अवखळ

१३४ चं कारण मी सांगतो. प्रगती कळवायला सॉल्व्हर पायथनचं कॉलबॅक (त्याला आधी देऊन ठेवलेलं फंक्शन) बोलावत असेल, त्यात कीबोर्डइंटरप्ट आला, थ्रेडबाहेर अपवाद निसटला, स्टँडर्ड टर्मिनेट. पुढचा धागा.

शून्यपॉइंटर

@अवखळ: नाही. कीबोर्डइंटरप्ट फक्त मुख्य थ्रेडवर येतो. सी++ च्या थ्रेडवरून बोलावलेल्या कॉलबॅकमध्ये तो येणार नाही. दुसरा एखादा अपवाद तसा निसटला तर अबॉर्ट होईल हे खरं, पण तेव्हा पायबाइंडचा 'एरर ऑलरेडी सेट' संदेशात दिसला असता. इथे संदेश 'विदाउट ॲन ॲक्टिव्ह एक्सेप्शन' आहे, म्हणजे अपवाद हवेतच नव्हता. हा संदेश बहुतेक वेळा एकाच कारणाने येतो: जॉइन (संपेपर्यंत वाट बघणं) किंवा डिटॅच (मोकळा सोडणं) न केलेल्या स्टँडर्ड थ्रेडचा डिस्ट्रक्टर चालला. सॉल्व्हर ऑब्जेक्टही त्याच फ्रेममध्ये असणार. फ्रेम गेली, सॉल्व्हर गेला, आतला थ्रेड अजून चालू, टर्मिनेट. ॲरे आधी गेला आणि थ्रेडने त्यात लिहिलं तर १३९. लिहिण्याआधी सॉल्व्हरचा नंबर लागला तर १३४. शर्यत आहे.

अवखळ

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो, पण राहू दे. लोकांना उपयोग होईल.

रानमेवा

तर्क ठीक, पण पुरावा पाहिजे. केतकी, हे करून बघ:

जीडीबीमध्ये 'हँडल सिगइंट नोस्टॉप प्रिंट पास' लिही, मग तो कंट्रोल-सी गिळणार नाही, प्रोग्रामला देईल. कोसळल्यावर 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी', म्हणजे सगळ्या थ्रेडचा माग. कोअर फाइल (मरतेवेळच्या मेमरीची नक्कल) हवी असेल तर यूलिमिट वजा सी अनलिमिटेड. उबंटूवर ती चालू फोल्डरमध्ये सापडत नाही, ॲपोर्ट (उबंटूचा क्रॅश नोंदवणारा) उचलून नेतो. कोअर पॅटर्नमध्ये काय लिहिलंय ते बघ.

पायथन वजा मोठा एक्स फॉल्टहँडलर देऊन चालव. कोसळलेल्या थ्रेडपुढे 'नो पायथन फ्रेम' आलं, तर तो पायथनने सुरू केलेला थ्रेड नव्हे. एवढंही पुरतं.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे ॲड्रेस सॅनिटायझर, मेमरीतल्या चुका पकडणारं साधन. सी++ चा भाग एफसॅनिटाइझ ॲड्रेस देऊन बांध, लिबएसॅन एलडी-प्रीलोडने आधी लोड कर (पायथन स्वतः त्यासोबत बांधलेलं नसतं ना), पायथनमॅलॉक बरोबर मॅलॉक ठेव, आणि गळतीची तपासणी बंद कर, नाहीतर पायथनच्याच गळत्या वाचत बसशील. छोटं ग्रिड घे, म्हणजे गप्प बसणारा प्रकारही पकडला जाईल.

मुलुंड_फास्ट

वाखुसा (वाचनखूण साठवली).

बोरिवली_स्लो

'फास्ट' नाव घेऊन एका शब्दात प्रतिसाद. शोभतं.

केतकी_पवई

सॅनिटायझरने पहिल्याच दाबाला पकडलं. हीप-यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरणं. लिहिणारा: सॉल्व्हरचा थ्रेड. मोकळं करणारा: मुख्य थ्रेड, नमपाय ॲरेचा डीॲलोकेटर, त्याखाली फ्रेम आवरणारी फंक्शनं. म्हणजे वर लिहिलंय तस्संच.

मग सॉल्व्हरच्या डिस्ट्रक्टरमध्ये 'थांब' ही खूण आणि जॉइन घातलं, आणि ॲरेचा संदर्भ सॉल्व्हरच्या आतच धरून ठेवला. सेगफॉल्ट गेला. आता कंट्रोल-सी दाबलं की कधीकधी प्रोग्राम गोठतो. कोसळत नाही, नुसता उभा. कंट्रोल-सी परत दाबून उपयोग नाही, किल वजा ९ (सक्तीने मारणं) च लागतं.

शून्यपॉइंटर

तुमच्याकडे प्रगतीचं कॉलबॅक आहेच ना? मग हे ठरलेलं. डिस्ट्रक्टर पायथनमधून बोलावला जातो, म्हणजे गिल (पायथनचं एकमेव कुलूप, ज्याच्या हातात तोच थ्रेड पायथन चालवतो) हातात धरून. तो जॉइनवर थ्रेडची वाट बघतोय. थ्रेडला कॉलबॅकसाठी गिल पाहिजे, तो मुख्य थ्रेडची वाट बघतोय. पहिले आप, पहिले आप. जॉइनच्या आधी गिल-स्कोप्ड-रिलीज लावा. फक्त ॲरेचा संदर्भ सोडाल तेव्हा गिल परत हातात असू द्या.

दुसऱ्या कंट्रोल-सीचा उपयोग का नाही, तेही यावरून कळेल. मुख्य थ्रेड सी++ मध्ये अडकलाय, खूण होते, बघणारं कोणी नाही.

सांख्यिकी_सखू

सी++२० असेल तर जेथ्रेड वापरा, डिस्ट्रक्टरमध्ये थांबण्याची विनंती आणि जॉइन आपोआप करतो. गिलची अडचण मात्र तशीच राहते, तिची जाण त्याला नाही.

रानमेवा

मला तर डिस्ट्रक्टरवर भिस्त ठेवणंच पटत नाही. पायथनमध्ये ऑब्जेक्ट कधी मरेल हे आपल्या हातात नसतं. कोणी ट्रेसबॅक जपून ठेवला (आयपायथन ठेवतंच) तर सॉल्व्हर जिवंत, थ्रेड चालू आणि माणसाला वाटतं थांबलं.

त्यापेक्षा झोपेचं लूप पायथनमधून काढ. 'चालवा' हे एकच फंक्शन ठेव, जे काम संपल्याशिवाय परत येत नाही. आत थ्रेड सुरू करायचा, मुख्य थ्रेडने गिल सोडून कंडिशन व्हेरिएबलवर १०० मिलिसेकंद थांबायचं, मग गिल घेऊन पायएर-चेक-सिग्नल्स (सिग्नलची खूण तपासणारं पायथनचं फंक्शन) बोलवायचं. शून्य आलं तर परत थांबायचं. शून्य नसेल तर थ्रेडला 'थांब' सांगायचं, गिल सोडून जॉइन, आणि मग एरर-ऑलरेडी-सेट फेकायचं. म्हणजे कीबोर्डइंटरप्ट पायथनमध्ये पोहोचतो तेव्हा मागे एकही थ्रेड जिवंत नसतो, आणि तोवर ॲरे बोलावणाऱ्याच्या हातातच असतो. रस्ट भाषावाल्यांना पायथनशी जोडणाऱ्या पायओथ्रीमध्ये चेक-सिग्नल्स आहे, तोच खेळ.

कोकणकडा

हे चांगलं आहे. पण थ्रेडने 'थांब' कधी बघायचं? आतलं एक पाऊल मिनिटभराचं असेल तर माणूस मिनिटभर कंट्रोल-सी बडवणार, आणि मग किल वजा ९.

केतकी_पवई

प्रत्येक कालखंडाच्या शेवटी बघते. आमचा कालखंड लहान असतो, कारण भरतीच्या वेळी पाणी उलटं फिरतं तिथे मोठा घेतला की गणित फुटतं. त्यामुळे माणसाला थांबल्यासारखं वाटत नाही.

रानमेवाने सांगितल्याप्रमाणे बदललं. सॅनिटायझर लावून, मोठं-छोटं दोन्ही ग्रिड, दुसऱ्या टर्मिनलवरून किल वजा इंट देणारी स्क्रिप्ट वेळ बदलत बदलत चालवली. शांत आहे. ज्युपिटर नोटबुकमध्येही थांबवायचं बटण लागतं, कारण तेही ज्युपिटरच्या कर्नलला (कोड चालवणाऱ्या प्रक्रियेला) सिगइंटच पाठवतं.

एक राहिलं: सर्व्हरवर हे डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) चालतं, आणि डॉकर स्टॉप केलं की अर्धी फाइल उरते.

चहाटळ

डॉकर स्टॉप सिगइंट देत नाही, सिगटर्म ('बंद हो' अशी विनंती) देतं, आणि १० सेकंदांनी सिगकिल (सक्तीने मारणं). पायथनने सिगटर्मसाठी काही लावलेलं नसतं. वर तुमचा प्रोग्राम कंटेनरमध्ये १ नंबरची प्रक्रिया असेल, तर हँडलर न लावलेला सिगटर्म कर्नल त्याला पोहोचवतच नाही. दहा सेकंद काही होत नाही, मग सिगकिल. सिगटर्मवर पायथनचा हँडलर लावा आणि त्यातून अपवाद फेका; पायएर-चेक-सिग्नल्स तोही हँडलर चालवतं, त्यामुळे सी++ ला हात लावायला नको.

नानाकाका

केतकी, तो पंपांचा धागा काढलास की इथे दुवा दे.